सतरा बाटल्या आणि तेजूचा गुडघा

जालना जिल्ह्यात हौसेनं फिरायला गेलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. मीही हौसेनं गेलो नव्हतो. नातीचा गुडघा सुजला म्हणून गेलो आणि आठ दिवस राहून आलो. चिपळूणला परतल्यापासून जो तो विचारतोय, "काय काय पाहिलंत हो तिकडे?" मी सांगतो, "गोचीड." लोकांना वाटतं म्हातारा चिडलाय. चिडलेला मी असतोच, पण उत्तर खरं आहे. तेव्हा आता सगळं सविस्तर लिहून टाकतो. म्हणजे विचारणाऱ्यांचंही समाधान होईल आणि माझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

आधी माणसं सांगतो. मी चिपळूणचा, निवृत्त पोस्टमास्तर. वंदना माझी एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरीला असताना तिनं लष्करातल्या एका मुलाशी स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा बदनापूरकडच्या एका खेड्यातला, घराणं मूळचं मेंढपाळांचं, आता शेतीही करतात. मला न विचारता ठरवलं म्हणून मी वर्षभर तिच्याशी बोललो नाही. मग तेजू झाली आणि माझा सगळा ताठा दुपट्यात गुंडाळला गेला. तरीपण व्याह्यांच्या गावी मी दहा वर्षांत एकदाही फिरकलो नव्हतो. कधी पाऊस, कधी आंबे, कधी पाठ. कारणांना कोकणात तोटा नाही.

तेजू आता नऊ वर्षांची. जावयाची बदली झाली ती अशा ठिकाणी, जिथं बायकामुलं नेता येत नाहीत. म्हणून वंदना तिला घेऊन सासरी आली होती. तिथं तेजूचा उजवा गुडघा सुजला. दोनदा सुईनं पाणी काढलं, दोन्ही वेळा परत भरलं. जालन्याचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, उघडून साफ करावा लागेल. पुढच्या सोमवारची तारीखही दिली. त्यानंतर पाय पहिल्यासारखा वाकेलच असं नाही, हेही सांगून टाकलं. पण माणूस सरळ. म्हणाले, त्याआधी औरंगाबादच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना एकदा दाखवा. वंदना दाखवून आली, आणि मग तिचा मला फोन आला, "बाबा, या." एवढंच. निघालो.

रविवार, बदनापूर

गाडीचं पुराण सांगत नाही. बदनापूरच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझा पांढरा सदरा बिस्किटाच्या रंगाचा झाला होता. समोर पांढरं धोतर, पांढरी मिशी आणि तांबडा पटका अशा वेशात व्याही उभे. त्यांना सगळे आबा म्हणतात. व्याह्याला तिकडे इवाई म्हणतात, हे मला पहिल्याच वाक्यात कळलं.

"या इवाई, या. धा वर्सं लागली तुमाला रस्ता सापडायला!"

"घाटात चुकलो होतो," मी म्हणालो.

"बराबर हाय. घाट लई वाईट."

तोंडावर एक रेष हलली नाही. मी ओळखलं, हा माणूस आपल्याला भारी आहे.

जीपमध्ये मी चौदावा होतो. पंधराव्याच्या मांडीवर कोंबडी होती आणि तिची चोच माझ्या खिशातल्या पेनाशी खेळत होती. बाहेर मात्र बघण्यासारखं होतं. आमच्याकडे आभाळ झाडांच्या फटीतून तुकड्या-तुकड्यानं मिळतं. इथं सगळंच्या सगळं एकदम डोक्यावर. खाली काळी माती, कणसांनी वाकलेली ज्वारी, हरभऱ्याचे हिरवे पट्टे. माणूस दोन मैलांवरून येताना दिसतो. तो घरी पोचेपर्यंत चहा उकळून होतो, इतका वेळ मिळतो.

तेजू ओट्यावर बसली होती. मला बघताच लंगडी घालत धावली. हो, धावलीच! उजवा गुडघा मध्यम पपईएवढा, आणि ही पोर एका पायावर उड्या मारत माझ्या गळ्यात.

"दुखतं का गं?"

"फार नाही. नुसता वाकत नाही. आजोबा, फणसपोळी आणलीत?"

मी फणसपोळी आणली होती, आमसुलं आणली होती, आणि मोठ्या प्रेमानं सुकट आणली होती. पिशवी उघडल्याबरोबर विहीणबाई, तिकडच्या भाषेत इहीणबाई, पदर नाकाला लावून परसात गेल्या. दोन मिनिटांनी आबा काठी घेऊन आले आणि पलंगाखाली, धान्याच्या पोत्यांमागे काठी घालून मेलेली घूस शोधू लागले. वंदना हसून हसून भिंतीला टेकली. ती सुकट मग आठ दिवस गोठ्याच्या मागच्या बाभळीला टांगून होती. माझी जागा मात्र घरातच होती, एवढाच काय तो माझ्यात आणि तिच्यात फरक.

तेजूच्या गुडघ्यावर गावातला प्रत्येक माणूस येऊन आपलं औषध सांगून जात होता. कोणी रुईची पानं, कोणी तुरटी, कोणी मेंढीच्या लोकरीची पट्टी. मी पिशवीतून माझं पिवळं मलम काढलं. तेजूनं मलमाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पाय आखडता घेतला.

सोमवार, आधी हुरडा मग फोन

सकाळी आबांनी शेतात हुरड्याला नेलं. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची आणि हिरवे, गरम, गोडसर दाणे तोंडात टाकायचे. बरोबर लसणाची चटणी आणि गूळ. मी भात खाणारा माणूस, ज्वारी म्हणजे गुरांचं खाणं असं आजवर समजत होतो. तीन वाट्या खाल्ल्या. चोळताना तळहात भाजला, पण व्याह्यांसमोर 'हाय' म्हणायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून नुसता श्वास आत ओढला.

"भाजलं का, इवाई?"

"छे! बिलकुल नाही."

त्यांच्याकडचं 'बिलकुल' माझ्या तोंडी ऐकून आबा खूश झाले.

दुपारी किराणा दुकानातल्या फोनवरून औरंगाबादला फोन लावायचा होता. वंदना बोलत होती, आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी कान लावून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. पाण्यात पू नाही, क्षयाचे जंतूही सापडले नाहीत. मात्र एक शंका आहे. एका जातीच्या गोचिडातून एक जंतू अंगात शिरतो आणि काही महिन्यांनी मुलांचा गुडघा असाच सुजतो. गेल्या वर्षभरात मुलीला गोचीड चावला होता का? घरातल्या सगळ्यांना नीट विचारा आणि गुरुवारी या. तसं असेल, तर गोळ्यांनी बरं होईल, गुडघा उघडायची गरज बहुतेक पडणार नाही.

तुम्हाला सांगतो, चावला होता.

आदल्या उन्हाळ्यात मी जावयाकडे हिमाचलात गेलो होतो. सरकारी घरांच्या मागे देवदारांचा उतार, कमरेएवढं गवत. वंदनानं बजावलं होतं, "बाबा, तिला त्या गवतात न्यायचं नाही. गोचीड असतात." ती बाजारात गेली आणि मी पोरीला घेऊन त्याच गवतात गेलो. तिथं पिवळी रसाळ फळं होती, तेजूला हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही हवी होती. परत आल्यावर तिच्या गुडघ्याच्या मागे गोचीड चिकटलेला. मी नखानं उपटला, फेकला आणि पोरीला म्हणालो, "माझ्या गळ्याची शप्पथ, आईला सांगायचं नाही." आठवड्यानं तिथं लाल कडं उठलं आणि वाढत गेलं. मी त्याला घामोळं ठरवलं आणि पिवळं मलम चोपडलं.

तर हे सगळं मला त्या दुकानात, साबणाच्या वड्या आणि शेवेच्या डब्यांच्या मधोमध उभं असताना आठवलं. वंदनानं फोन ठेवला. म्हणाली, "बाबा, आठवतंय काही?"

आणि मी, छत्तीस वर्षं लोकांची पत्रं इमानानं पोचवलेला माणूस, म्हणालो, "मला काय आठवणार? इथं घरात मेंढ्या आहेत. त्यांच्या अंगावर असतीलच की."

आबांचा चेहरा उतरला. त्यांच्या अठ्ठावीस मेंढ्या आहेत आणि सबंध पंचक्रोशीत त्यांच्यासारखा स्वच्छ कळप नाही असं लोक म्हणतात.

"चाळीस वर्सं मेंढ्या राखून राह्यलो, इवाई. आजवर कोनी बोट न्हाई दाखवलं." मग म्हणाले, "पर पोरीच्या पायाचा सवाल हाय. असंल तर असंल. बघू."

मला लाज वाटली. फार वाटली. पण तोंड उघडलं नाही.

मंगळवार, बुधवार. बाटल्या

आता या भागातली एक रीत सांगायला हवी. शेतात कोणाला साप चावला, तर चावलेल्या माणसाबरोबर मारलेला सापही दवाखान्यात नेतात. कोणत्या जातीचा आहे ते डॉक्टरला कळावं म्हणून. रीत त्यांच्या हिशेबानं शहाणपणाचीच. आबांनी तीच गोचिडाला लावली.

"डॉक्टरीण बाईनं इच्यारलं ना, कोनता गोचीड? मंग आपण काय तोंडानं सांगनार? घेऊनच जाऊ. ती वळखंल."

"अहो मामा, त्यांनी नुसतं विचारून या म्हटलंय," वंदना सासऱ्यांना म्हणाली.

"इच्यारल्यावर लोक खोटं बोलतात, पोरी. गोचीड खोटं बोलत न्हाई."

मी खोकलो.

पहाटेपासून आबा एकेक मेंढी आडवी पाडून कानात, शेपटीखाली, जांघेत बोटं घालून शोधत होते. सहा सापडले. प्रत्येकाबरोबर आबा मान हलवत, जणू घरातल्या मुलाच्या खिशात विडी सापडली. मग स्वारी गावात निघाली. तेजू लंगडी घालत कोणाकोणाच्या गोठ्यात खेळून आली होती, त्या सगळ्या गोठ्यांत जायचं. मी मागे पिशवी घेऊन.

पहिल्या घरी शिव्याच मिळाल्या. "आमच्या गायीला गोचीड? कोन म्हन्लं? पाव्हणा म्हन्ला का?" दुसऱ्या घरीही तेच. मग आबांनी सांगितलं की हे गोचीड औरंगाबादला जाणार, मशिनीखाली बघणार. झालं! वाराच फिरला. दुपारी बाराच्या आत लोक स्वतःहून बाटल्या घेऊन ओट्यावर आले. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, लोणच्याची बरणी, तपकिरीची डबी, एकानं तर डोळ्यांच्या थेंबांची चिमुकली बाटली आणली होती. त्यात गोचीड कसा घातला देव जाणे.

एक म्हातारी तर रडकुंडीला आली. तिची म्हैस रोज नदीवर धुतलेली, तिला एकही गोचीड नाही. "माझ्या म्हशीचं नाव न्हाई जायाचं का मंग?" शेवटी तिच्या कुत्र्याचे दोन घेतले.

झाकणांना खिळ्यानं भोकं पाडली. आबांचं म्हणणं, मेलेला गोचीड साक्ष कशी देणार? आणि मग आबा माझ्याकडे वळले.

"इवाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं. कागद चिकटवून नावं लिवा."

अहो, लिहिली! सतरा बाटल्यांवर सतरा नावं. 'सखाराम यांची काळी गाय, डावा कान.' 'मारुतीच्या देवळाजवळचा बोकड, शेपटीखाली.' 'गंगूबाई यांचा कुत्रा, म्हशीच्या वतीनं.' आजवर इतक्या काळजीनं मी रजिस्टरची नोंदही केली नसेल. खोटं एकदा बोललं की पुढची सगळी हमाली आपल्यालाच करावी लागते, हे तेव्हा कळलं.

तेजू शेजारी बसून कागदांना खळ लावत होती, पाय पोत्यावर लांब केलेला. मोठी माणसं जरा बाजूला गेली तसं तिनं हळूच विचारलं, "आजोबा, सांगू का?"

"काय?"

"ते. तिकडचं."

"नको."

"मग तुम्ही सांगा."

"बघू."

तिनं बराच वेळ एका कागदाला खळ लावली. मग म्हणाली, "मला केव्हाचं सांगायचंय. पण मी सांगितलं तर तुम्ही मराल ना. शप्पथ आहे."

आता बोला! पोर गुडघ्यात पाणी घेऊन दोन महिने गप्प बसली, कारण बोलली तर आजोबा मरतील. मी त्याच क्षणी उठून वंदनाला हाक मारायला हवी होती. मारली नाही. व्याह्यांच्या ओट्यावर, सबंध गावादेखत, सतरा बाटल्यांसमोर कसं सांगायचं? मी भित्रा आहे, हे मला साठी उलटल्यावर बदनापूर तालुक्यात कळलं.

रात्री येसराच्या मसाल्याची आमटी आणि भाकरी होती. इहीणबाईंनी आग्रहानं तिसरी भाकरी वाढली. तीही खाल्ली.

गुरुवार, औरंगाबाद

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. वंदना, तेजू, आबा, मी आणि सतरा बाटल्या. बाटल्या आबांच्या मांडीवर, टोपलीत, वर ओलं फडकं. डबा भरलेला होता. तेजूला कोणीतरी खिडकी दिली. बाकीचे उभे.

पुढे एका ठिकाणी गाडीनं असा काही हिसका दिला, की लोणच्याची बरणी उडाली आणि झाकण गेलं. समोर पांढऱ्याशुभ्र पायजम्यातले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते.

"हलू नका!" आबा ओरडले. "बिलकुल हलू नका! तुमच्या मांडीवर सखारामची गाय हाय!"

गृहस्थ हलले. चांगलेच हलले. बाकावर चढले, तिथून सामानाच्या फळीला लोंबकळले. "गोचीड, गोचीड" असा एकच गलका झाला आणि पाच मिनिटांत तो डबा निम्मा रिकामा झाला. आम्ही चौघं ऐसपैस बसलो. आबा खाली वाकून एकेक वेचत होते आणि मोजत होते. "आठ व्हते. सात घावले. इवाई, तुमच्या टोपीवर बघा." माझ्याच टोपीवर होता. सगळं सोडून तो माझ्याच डोक्यावर जाऊन बसला होता, आणि त्याचं काय चुकलं होतं?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टोपली बघितली. वयानं वंदनाएवढ्याच, केस बांधलेले, चष्मा. एकेक बाटली उचलून त्यांनी कागद मोठ्यानं वाचले. 'म्हशीच्या वतीनं' इथं आल्यावर त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आजोबा," त्या आबांना म्हणाल्या, "इतकं कोणी केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पण हे सगळे गुराढोरांवरचे नेहमीचे गोचीड आहेत. मी एक वर्ष डोंगरात नोकरी केली, तिथं हा आजार पाहिला. यांच्यामुळे होतो असं मला तरी वाटत नाही."

आबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. मेंढ्या सुटल्या, पण मग पाय?

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि तेजूला विचारलं, "बाळा, तूच सांग. तुला कधी गोचीड चावला होता का? मागच्या वर्षी, डोंगरात होतीस तेव्हा?"

तेजूनं माझ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी.

"मला शप्पथ आहे," ती म्हणाली.

"कोणाची?"

ती माझ्याकडेच बघत राहिली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी दाराकडे बघितलं. पण समोर तो गुडघा होता, आणि सोमवारची तारीख होती.

"सुटली," मी म्हणालो. "तेजू, शप्पथ सुटली. सांग सगळं."

"तुम्ही मरणार नाही?"

"नाही गं बाळा. सुटली म्हटलं ना!"

आणि मग ती पोर जी सुटली! "आई बाजारात गेली होती ना, तेव्हा आम्ही मागच्या उतारावर गेलो. तिथं पाटी होती, पण आजोबा म्हणाले पाटी हिंदीत आहे, आपण मराठी. मग आम्ही पिवळी फळं खाल्ली. मी नऊ खाल्ली, आजोबांनी खूप खाल्ली. मग आजोबा चुकून खाजऱ्या झुडपात बसले, मग ते नाचले, मग म्हणाले हेही सांगायचं नाही. मग माझ्या इथं गोचीड होता, आजोबांनी नखानं काढला आणि म्हणाले, आमच्या कुत्र्याला रोज चावतात, तो काय मेला? मग तिथं लाल गोल झालं. आधी बांगडीएवढं, मग बशीएवढं. मग मलम लावलं. मग आजोबांचं पोट तीन दिवस बिघडलं ते त्या फळांनी, पण आईला सांगितलं की तिच्या राजम्यानं."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. 'बशीएवढं लाल कडं' याच्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

"हेच हवं होतं मला," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायला बाहेर पाठवते, पण गोळ्या आजपासून. अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. जालन्याच्या डॉक्टरांशी मी बोलते. सोमवारचं थांबवू."

वंदना माझ्याकडे वळली. "बाबा!" एवढंच म्हणाली, आणि तेजूला पोटाशी धरून रडायला लागली. मीही रडलो. लपवायला काही उरलंच नव्हतं.

आबांनी बाटल्या रॉकेलात बुडवायला तिथंच ठेवल्या, रिकामी टोपली काखेत मारली आणि निघाले.

परतीच्या गाडीत वंदना पाठ करून बसली होती. मला वाटलं आता आबा पटका काढून मला धुणार. त्यांनी फडक्यातून धपाटं काढलं, दही-चटणी लावली आणि माझ्यापुढे धरलं.

"खावा इवाई. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तुमी."

"आबा, मी तुमच्या मेंढ्यांना…"

"खावा आधी."

गावात

जीप थांबली तिथं पारावर सगळं गाव जमलेलं. बाटलीवाले सगळेच्या सगळे हजर. मशिनीखाली जायची हौस केव्हाच ओसरली होती. आता जो तो घाबरलेला, की पोरीचा पाय आपल्या जनावरानं घालवला असं निघू नये. सखाराम तर पुढे येऊन हात जोडून उभा. "आबा, सांगा एकदाचं. माझ्या काळीचा तर न्हाई ना?"

मी घसा साफ केला. ठरवलं होतं, दवाखान्यात बोललो तसं इथंही बोलायचं.

"आमच्याच बांडीचा निघाला," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"बांडी म्हंजे तुमची ती चट्टेरी मेंढी?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"तीच. घरचाच गोचीड. तुमचं कुनाचं काय न्हाई. गोळ्या दिल्यात, पाय बरा व्हनार हाय. जावा घरला."

पारावर सुटकेचा असा सुस्कारा झाला की पिंपळाची पानं हलली असतील. मग लोकांना धीर आला. एक जण म्हणाला, मला तिच्या तोंडावरूनच वाटत होतं. दुसऱ्यानं आबांना मेंढ्या कशा धुवाव्यात ते शिकवलं. ज्या माणसाला चाळीस वर्षं कोणी बोट दाखवलं नाही, तो मान खाली घालून "बराबर, बराबर" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणात, मी त्यांना गाठलं. बांडी माझं धोतर चघळत होती. गावातली चार माणसं तिला लांबून बघून गेली होती.

"आबा, हे का केलंत? चूक माझी होती."

"व्हती की." त्यांनी बांडीच्या पाठीवर हात फिरवला. "इवाई, तुमी धा वर्सांनी पयल्यांदा आल्ते. सूनबाईचा बाप गावात आला आन् तोंड काळं करून गेला, असं व्हऊ द्यायचं का म्या? तिला हितं नांदायचंय. बांडीला काय हो, बांडीला कोन इच्यारतं?"

मी निघालो त्या दिवशी जीपपाशी बरेच लोक होते. मी मोठ्यानं म्हणालो, "मंडळी, मला एक सांगायचंय, बांडीचा काही दोष…" आबांनी मला उचलून, अक्षरशः काखेत धरून, जीपमध्ये कोंबलं. "पाव्हण्याला ऊन लागलंय," ते लोकांना म्हणाले.

त्याला आता तीन महिने झाले. रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच आला. गुडघ्याची सूज गोळ्या संपेपर्यंत निम्मी आणि पुढच्या महिन्यात सगळी गेली. वंदना माझ्याशी बोलते. परवाच्या पत्रात तिनं लिहिलंय की पाणवठ्यावर आता आबांचा कळप सगळ्यांच्या शेवटी सोडतात. 'तुमच्या बांडीनंतर आमची नको' म्हणतात. आबा निमूट थांबतात. उन्हात तासभर. मी विचारलं असतं तर म्हणाले असते, मेंढ्यांना तेवढीच विश्रांती.

हे मला सहन होत नाही. म्हणून हे सगळं लिहिलं. याची एक प्रत वंदनाकडे पाठवतोय, आणि ती तेजूनं पारावर वाचायची आहे, सगळं गाव असताना, सखारामपासून गंगूबाईंपर्यंत.

तेजू, आबा तुला मध्येच थांबवतील. म्हणतील, आजोबाला ऊन लागलंय. ऐकू नकोस. दोन्ही पायांवर नीट उभी राहा आणि शेवटपर्यंत वाच. गोचीड मी काढला, शप्पथ मी घातली, खोटं मी बोललो. बांडीनं काहीसुद्धा केलेलं नाही.